धावत्या पट्ट्यावरची धार

सुरी बोथट झाल्याचे स्वयंपाकघरात पहिल्यांदा कळते ते टोमॅटोमुळे. पाते सालीवरून घसरते, फळ दबते, रस सांडतो आणि कापणाऱ्याच्या हाताचा जोर नकळत वाढतो. जोर लावून चालवलेले पाते निसटले की ते कोठे जाईल यावर हाताचा ताबा उरत नाही. म्हणूनच बोथट सुरी ही धारदार सुरीपेक्षा अधिक घातक मानली जाते. सुताराची पटाशी, माळ्याची कात्री, शेतकऱ्याचा कोयता यांनाही हाच न्याय लागू पडतो.

धार लावण्याचे काम शिकलगार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले. पूर्वी तलवारी आणि भाल्यांना पाणीदार झिलई आणणारा हा कारागीर. त्याच्या नावातील 'शिकल' हा मूळचा अरबी शब्द आणि त्याचा अर्थ शस्त्र घासून उजळणे असाच आहे. शस्त्रे गेली, तेव्हा हेच हात सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. पायाने फिरवायचे चाक सायकलवर बसवून गल्लीबोळांतून हाळी देत जाणारा धारवाला शहरांतून विरळ झाला असला, तरी तो अजून पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. त्याच्या चाकाची जागा आता अनेक ठिकाणी एका वेगळ्या यंत्राने घेतली आहे. ते यंत्र म्हणजे बेल्ट सॅण्डर. मुळात लाकूड आणि पत्रा घासून गुळगुळीत करण्यासाठी तयार झालेले हे यंत्र सुऱ्या बनविणाऱ्या कारागिरांचे तर कित्येक दशकांपासून मुख्य साधन आहे. टेबलावर मावणारी त्याची छोटी आवृत्ती आता हौशी मंडळींच्या घरीही दिसू लागली आहे. दगडावर अर्धा तास खाणारे काम ते दोन मिनिटांत करते. चांगली सुरी कायमची बिघडवायला मात्र त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

यंत्राची घडण

बेल्ट सॅण्डरची रचना अगदी साधी असते. दोन किंवा तीन चाकांवरून काचकागदासारखा खरखरीत, बंद कड्याच्या आकाराचा कापडी पट्टा फिरतो. एक चाक मोटारीला जोडलेले असते, दुसरे स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरते आणि त्याचा कल थोडा बदलून पट्टा मधोमध आणता येतो. पट्ट्याच्या मागे एका ठिकाणी सपाट लोखंडी पाटी असते. या पाटीच्या वर किंवा खाली, जेथे पट्ट्याला मागून काहीच आधार नसतो, तो भाग दाबल्यावर किंचित आत जातो. पाटीवरचा कडक भाग आणि आधार नसलेला सैल भाग हा फरक या विषयात फार महत्त्वाचा आहे.

घरगुती यंत्रांत पट्टा बहुधा १ इंच रुंद आणि ३० इंच लांब असतो. सुऱ्या घडविणारे कारागीर २ इंच रुंद व ७२ इंच लांब पट्ट्याचे यंत्र पसंत करतात. पट्टा लांब असला की तो थंड व्हायला अधिक वेळ मिळतो आणि झिजतोही सावकाश. वेगाचे गणित करून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडील विजेवर मिनिटाला सुमारे २,८५० फेरे घेणारी मोटार आणि तिच्यावर १०० मिलिमीटर व्यासाचे चाक असेल, तर पट्टा सेकंदाला जवळजवळ १५ मीटर धावतो. हा वेग ताशी ५४ किलोमीटरच्या घरात जातो. ३० इंची पट्ट्याचा प्रत्येक कण सेकंदाला वीस वेळा त्याच जागी परत येतो. १,४४० फेऱ्यांची मोटार बसवली तर हा वेग निम्मा होतो, आणि धार लावण्यासाठी तोच अधिक योग्य होय. बाजारातील स्वस्त यंत्रे बहुतेक वेगवान असतात, कारण ती लाकडासाठी बनविलेली असतात.

कुरुंदापासून कार्बोरंडमपर्यंत

पट्ट्यावर चिकटवलेले कण पोलादापेक्षा कठीण असावे लागतात, हे ओघाने आलेच. निसर्गात मिळणाऱ्या अशा पदार्थांत हिऱ्याच्या खालोखाल कुरुंदाचा क्रमांक लागतो. खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर कुरुंद नवव्या पायरीवर आहे. इंग्रजीतील त्याचे नाव दक्षिण भारतातील भाषांमधूनच गेलेले आहे. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन याला १८९१ साली माती आणि कोळशाची भुकटी विजेच्या प्रवाहाने तापवताना चकाकणारे, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. ते सिलिकॉन कार्बाइड होते. त्याने त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. पुढे १८९५ मध्ये नायगारा धबधब्याच्या विजेचा फायदा घेण्यासाठी त्याने आपला कारखाना तेथे हलवला. त्यानंतर कृत्रिम कुरुंदही भट्टीतून निघू लागला आणि धार लावणारा माणूस खाणीतल्या दगडावर अवलंबून राहिला नाही. महाराष्ट्रात या उद्योगाची सुरुवात उरणजवळच्या मोरा येथे झाली. १९४१ मध्ये तेथे ग्राइंडवेल कंपनीचा सहाणचाकांचा कारखाना उभा राहिला. मद्रासची कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी १९५४ ची.

आजचे पट्टे प्रामुख्याने कृत्रिम कुरुंदाचे, झिर्कोनिया मिसळलेल्या कुरुंदाचे किंवा सिरॅमिक कणांचे असतात. सिरॅमिक कण दाबाखाली बारीक बारीक तुटत राहतात आणि त्यांच्या प्रत्येक तुटलेल्या कडेला नवे टोक फुटते, त्यामुळे ते जास्त काळ कापतात. कण पट्ट्यावर नुसते भुरभुरलेले नसतात. विद्युतभाराच्या साहाय्याने ते उभे केले जातात, म्हणजे टोकदार बाजू वर राहते.

पट्ट्याचा नंबर मोठा तेवढा कण बारीक. हार्डवेअरच्या दुकानात 'ऐंशी नंबर', 'दोनशेवीस नंबर' अशी मागणी करणाऱ्याला हे ठाऊक असते. युरोपीय मापाप्रमाणे १२० नंबरचा कण सरासरी १२५ मायक्रॉनचा, ४०० नंबरचा ३५ मायक्रॉनचा, तर १००० नंबरचा १८ मायक्रॉनचा असतो. चांगल्या धारेच्या टोकाची जाडी एका मायक्रॉनहून कमी असते, म्हणजे अगदी बारीक पट्टाही धारेच्या मानाने खडबडीतच ठरतो. शेवटी चामड्याचा पट्टा लागतो तो याचसाठी.

पाते तापते तेव्हा

या यंत्राचा खरा प्रश्न उष्णतेचा आहे, आणि नेमका तोच सर्वांत दुर्लक्षित राहतो.

सुरीचे पोलाद कठीण होते ते दोन पायऱ्यांनी. आधी ते लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवतात. यालाच आपल्याकडे 'पाणी देणे' म्हणतात. असे पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर, सुरीच्या बाबतीत बहुधा १५० ते २२० अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. पात्याचा कठीणपणा आणि चिवटपणा यांचा तोल या दुसऱ्या तापमानावर ठरतो. नंतर कधीही पाते त्याहून अधिक तापले, की कठीणपणा घटतो. तो परत आणायचा तर सारी प्रक्रिया नव्याने करावी लागते, आणि लाकडी मुठीच्या सुरीवर ती कोणी करत बसत नाही.

साध्या पोलादावर ही उष्णता रंगाने दिसते. सुमारे २२० अंशांना फिकट गवती रंग, २६० च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. धारेवर निळी रेघ उमटली याचा अर्थ तेवढ्या भागाचे पाणी उतरले. अशी सुरी त्या दिवशी छान कापते, कारण तिचा कोन नवा असतो. पण आठवड्याभरात पुन्हा बोथट होते. मालक म्हणतो, 'हल्ली पोलादच चांगले येत नाही.'

स्टेनलेस पोलाद आणखी फसवे. त्यावर रंग उशिरा, अधिक तापमानाला चढतो. त्यामुळे रंग दिसला नाही म्हणजे पाते सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. धारेचे टोक इतके पातळ असते की उष्णता आत शोषून घ्यायला तेथे धातूच नसतो. मागचे पाते हाताला कोमट लागत असताना टोक भाजून निघालेले असू शकते. पात्याचे टोक आणि पटाशीचे दोन कोपरे सर्वांत आधी तापतात, हेही त्याच कारणाने.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. शेजारी पाण्याचे पातेले ठेवावे आणि पाते पट्ट्यावरून एकदा ओढले की पाण्यात बुडवावे. पाते मोकळ्या बोटांनी धरावे, कारण उष्णतेची पहिली सूचना बोटेच देतात. हातमोजे घातले तर ही सूचना मिळत नाही, शिवाय मोज्याचा धागा पट्ट्यात अडकण्याची भीती वेगळीच. दाब केवळ पात्याच्या वजनाइतका असावा. झिजलेला पट्टा ताबडतोब बदलावा. तो कापत नाही, नुसता घासतो, आणि त्या घासण्याचे रूपांतर उष्णतेत होते. पट्ट्याचे पैसे वाचवताना सुरी गमावणारे पुष्कळ असतात.

लेथच्या किंवा ड्रिलच्या हत्यारांचे हायस्पीड पोलाद मात्र या नियमाला अपवाद आहे. ते साडेपाचशे अंशांच्या पुढेही कठीण राहते, म्हणून त्यावर निळा रंग आला तरी घाबरण्याचे कारण नाही. उलट असे तापलेले हत्यार एकदम पाण्यात बुडवले तर त्यात सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

प्रत्यक्ष कृती

धार लावण्यापूर्वी पात्याचा जुना कोन समजून घ्यावा. धारेलगतच्या उतारावर मार्करने काळी रेघ ओढावी, पाते एकदाच हलके ओढावे आणि शाई कोठे गेली ते पाहावे. शाई केवळ वरच्या कडेची गेली तर कोन फार लहान धरला आहे. अगदी धारेजवळची गेली तर फार मोठा. युरोपीय घडणीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश, जपानी सुऱ्यांना १५ अंश किंवा थोडा कमी, कोयता-कुऱ्हाडीला २५ ते ३० अंश असा साधारण हिशेब आहे. अंश डोळ्यांनी मोजता येत नसले तरी अंतर मोजता येते. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ पट्ट्यापासून १५ मिलिमीटर दूर धरली की २० अंश होतात आणि १२ मिलिमीटरच्या आत धरली की १५.

पट्टा नेहमी धारेपासून दूर धावला पाहिजे. उभ्या यंत्रात पट्टा वरून खाली जातो, म्हणून धार खाली ठेवावी. धार उलटी, म्हणजे धावत येणाऱ्या पट्ट्याच्या समोर धरली तर ती पट्ट्यात रुतते, पट्टा फाटतो आणि सुरी हातातून भिरकावली जाते. या यंत्रावरील गंभीर अपघातांचे हे एक ठळक कारण असल्याने नवख्याने यंत्र सुरू करण्याआधी बंद पट्ट्यावर सारी हालचाल दोन-चारदा करून पाहावी.

पाते मुठीकडून टोकाकडे एकाच संथ गतीने ओढावे. मध्येच थांबले तर तेथे खड्डा पडतो. टोकाशी पोहोचल्यावर पाते पट्ट्यावरून पुढे निसटू देऊ नये, टोक पट्ट्याच्या मध्यावर असतानाच ते उचलावे. नाहीतर सैल पट्टा टोकाला गुंडाळला जातो आणि चार-सहा वेळच्या धारेनंतर टोकदार सुरी लोणी लावायच्या सुरीसारखी गोल होते. धारवाल्यांकडून परत आलेल्या निम्म्याअधिक सुऱ्यांवर ही खूण ओळखू येते.

एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला धातूची अतिशय बारीक कोर उभी राहते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. बोट उताराकडून धारेच्या बाहेर हलकेच ओढले की ती खरखरीत लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवली म्हणजे घासणे खरोखर धारेपर्यंत पोहोचले. मग बाजू बदलावी. फार बोथट सुरीसाठी १२० पासून, एरवी २४० पासून सुरुवात करून ४०० आणि ६०० किंवा १००० अशा क्रमाने वर जावे. प्रत्येक पायरीवर बर लहान होत जाते. अखेरीस क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा लेप लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर ती पूर्णपणे काढून टाकतात. बर तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी कागद सर्रकन कापते, पण दुसऱ्या दिवशी ती कोर वाकते आणि धार गेल्यासारखी वाटते. कित्येकदा तो दोष उष्णतेचा नसून या कोरेचा असतो.

परीक्षेसाठी दिव्याखाली धार डोळ्यांसमोर सरळ धरावी. खरी धार दिसतच नाही. जेथे प्रकाशाची बारीक ठिणगी चमकते तेथे ती अजून बोथट आहे.

सैल पट्ट्यावरची गोलाई

पट्ट्याच्या आधार नसलेल्या भागावर धार लावली की पट्टा पात्याभोवती किंचित वळतो आणि उतार सपाट न राहता बाहेरच्या बाजूने हलका फुगीर होतो. जपानी कारागीर अशा आकाराला शिंपल्याची उपमा देतात. या फुगीर धारेच्या मागे अधिक धातू राहतो, त्यामुळे ती घाव सोसते. कापलेला पदार्थ पात्याला कमी चिकटतो. नारळ फोडणारा कोयता, मटणाचा सुरा, कुऱ्हाड यांना ती उत्तम. ट्रकच्या कमानपट्ट्यांपासून गावच्या लोहाराने घडवलेल्या कोयत्याला तर सपाट उतारापेक्षा हाच उतार शोभतो.

सुताराच्या हत्यारांना मात्र हा सैल भाग वर्ज्य समजावा. पटाशी आणि रंध्याचे पाते यांचा उतार सपाट, २५ अंशांच्या आसपास असावा लागतो, आणि पाठ तर आरशासारखी सपाट. पाठीला पट्टा लावला की तिच्या कडा गोल होतात आणि ते हत्यार लाकडाच्या सरळ कडेला कधीच नीट बसत नाही. येथे यंत्राचे काम तुटलेली कड सरळ करणे आणि जास्तीचा धातू काढणे एवढेच. तेही मागे पाटी असलेल्या भागावर. शेवटचा हात सपाट दगडावरच द्यावा. जुने सुतार यंत्राला नाके मुरडतात ते अगदीच निष्कारण नव्हे.

कात्रीची आतली बाजू घासू नये. दोन्ही पाती एकमेकांना बिंदूबिंदूने भिडावीत म्हणून ती बाजू मुद्दाम किंचित पोकळ ठेवलेली असते. ती घासली की कात्री कापड चावते. दातेरी विळा आणि पावाची दातेरी सुरी यांना हे यंत्र नाही. एका बाजूनेच उतार असलेल्या जपानी सुऱ्या पुन्हा वेगळ्या. पांढऱ्या सिरॅमिक सुऱ्यांना हिऱ्याचे कण लागतात. विळी तिच्या पाटावरून सोडवल्याशिवाय पट्ट्याजवळ नेता येत नाही, आणि तेवढा खटाटोप करण्यापेक्षा हातात दगड घेऊन बसल्या जागी धार लावणे सोपे.

जुन्या सुरीबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, की धार लावूनही ती बटाट्यात अडकते. पाते पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ असते. वर्षानुवर्षे फक्त धारच घासली की ती हळूहळू जाड भागात सरकते. अशा वेळी धारेच्या मागची दोन्ही अंगे आधी पातळ करावी लागतात. हे काम दगडावर कंटाळवाणे आहे आणि बेल्ट सॅण्डर त्याचे सोने करतो. पाते थंड ठेवण्याची काळजी घेतली तर.

धूळ आणि ठिणग्या

इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-काट्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकात तेथे वालुकाश्माच्या कोरड्या चाकांवर काटे घासणारे कामगार तिशीच्या आसपासच दम लागून मरत. या रोगाला 'घासणाऱ्यांचा दमा' असेच नाव पडले होते. त्याचे कारण दगडातील सिलिका हे होते. आजच्या पट्ट्यांवर वालुकाश्म नसतो, तरीही पोलाद, क्रोमियम आणि कणांची भुकटी हवेत उडतच असते आणि ती छातीसाठी चांगली नव्हे. एन-९५ दर्जाचा मास्क आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा यांना पर्याय नाही. कार्बाइडची टोके असलेली हत्यारे या यंत्रावर घासूच नयेत. त्यातील कोबाल्टची धूळ अधिक अपायकारक असते.

त्याहून घाईने घडणारा धोका आगीचा आहे. ज्या यंत्रावर सकाळी लाकूड घासले त्याच यंत्रावर संध्याकाळी सुरीला धार लावली, तर ठिणग्या आत साठलेल्या भुश्शात पडतात. भुस्सा भडकत नाही, धुमसतो. यंत्र बंद करून माणूस घरात निघून गेल्यावर आग वर येते. धातूचे काम करण्यापूर्वी धुळीची पिशवी आणि आतील पोकळी पूर्ण रिकामी करावी आणि धूळ ओढणारी नळी काढून ठेवावी. फ्लॅटच्या बंद गॅलरीत, गॅसच्या सिलिंडरशेजारी हे यंत्र चालवणारेही आढळतात. पदर, ओढणी, मोकळे केस आणि सैल बाह्या आवरून घ्याव्यात, हे वेगळे सांगायला नको.

पट्ट्यांची साठवण हा बारीकसा विषय राहतो. पट्ट्याची दोन टोके चिकटपट्टीने जोडलेली असतात आणि दमट हवेत हा सांधा सुटतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. पट्टे घडी न घालता, रुंद गोल नळीवर टांगून, कोरड्या जागी ठेवावेत. दोन-तीन वर्षे पडून राहिलेला पट्टा यंत्रावर चढवल्यावर पहिले अर्धे मिनिट समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे.